एका अक्षराची चूक आणि अकरा महिने: ठाण्यातील एका वकिली कार्यालयाच्या सेवेचा अनुभव

ठाण्यात कोर्टनाक्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून फिरताना ‘भाडेकरूकडून घर खाली करून मिळेल’ अशा अर्थाच्या पाट्या हल्ली बऱ्याच दिसतात. त्यांपैकी एका कार्यालयाची सेवा मी पूर्ण पैसे मोजून, पहिल्या भेटीपासून घराची किल्ली हातात येईपर्यंत घेतली. कार्यालयाचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण पुढे त्यांच्याबद्दल दोन-तीन तक्रारी करणार आहे. मात्र अशा सेवेत नेमके काय मिळते, काय मिळत नाही आणि पैसे कशाचे द्यावे लागतात, याचा हा अनुभव घोडबंदर रस्त्यावर दुसरे घर घेऊन ते भाड्याने दिलेल्या माझ्यासारख्या निवृत्त माणसांना उपयोगी पडेल असे वाटते.

आम्ही राहतो नौपाड्यात. कासारवडवलीच्या बाजूची टू बीएचके सदनिका माझ्या निवृत्तीच्या पैशांतून आणि थोडे कर्ज काढून घेतलेली. तिचे भाडे हाच आमच्या कर्जाच्या हप्त्याचा आधार. फेब्रुवारी २०२३ मध्ये ती अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर, दरमहा २८,००० रुपये भाडे आणि एक लाख रुपये अनामत ठरवून एका कुटुंबाला दिली. जूनपर्यंत भाडे वेळेवर आले, जुलैमध्ये निम्मेच आले आणि ऑगस्टपासून बंद झाले. गृहस्थ बोलायला अत्यंत नम्र होते. फोन केला की ‘ताई, पुढच्या सोमवारी नक्की’ हे वाक्य ठरलेले. त्याच सप्टेंबरमध्ये सोसायटीच्या गणपतीला त्यांनी २,१०० रुपये वर्गणी दिली आणि फळ्यावर त्यांचे नाव आमच्या नावाच्या वर झळकले, हे मात्र मला आजही विसरता आलेले नाही.

मुख्य सेवेकडे वळण्याआधी करार नोंदवून देणाऱ्या एजंटाबद्दल लिहिणे भाग आहे, कारण पुढची निम्मी कथा त्याच्यामुळे घडली. घरी येऊन लॅपटॉपवर दस्त तयार करायचा, अंगठ्याच्या यंत्रावर सगळ्यांचे ठसे घ्यायचे, छायाचित्र काढायचे आणि दोन-तीन दिवसांनी नोंदलेला दस्त पाठवायचा, अशी ही घरपोच सेवा आहे. आमच्या कराराचे मुद्रांक शुल्क आठशे रुपयांच्या आसपास भरले. महाराष्ट्रात ते एकूण भाड्याची रक्कम आणि परत करायच्या अनामतीवर धरलेले वार्षिक दहा टक्के यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के या दराने निघते. महापालिका क्षेत्रात नोंदणी शुल्क एक हजार रुपये आहे. एजंटाने स्वतःचे दीड हजार घेतले. वेळेत आला, नीटनेटके काम केले, चहाही नको म्हणाला. फक्त आमची सदनिका ‘सी’ विंगमध्ये असताना त्याने ‘बी’ टंकले. आधीच्या कुणाच्या तरी दस्तावरून मजकूर उचलला असणार. आम्ही दोघांनी पडद्यावर वाचले, भाड्याचा आकडा बघितला, तारखा बघितल्या, स्वतःच्या नावाचे स्पेलिंग दोनदा बघितले आणि अंगठे उठवले.

ऑक्टोबरमध्ये डोंबिवलीहून माझे थोरले बंधू आले. ‘अगं, मीटर तुझ्या नावावर आहे ना, मग महावितरणला एक अर्ज टाक आणि लाइट तोड, दोन दिवसांत निघतो की नाही बघ,’ हा त्यांचा पहिला सल्ला. दुसरा सल्ला कुलूप बदलून सामान जिन्यात ठेवण्याचा होता. आमच्या ओळखीतील निदान चार जणांनी हेच सांगितले होते आणि खरे सांगायचे तर माझेही मन तिकडे झुकले होते. वकिली कार्यालयात जाण्याचे कारण एवढेच होते की असे केल्यास पोलीस त्रास देतील का, हे विचारून घ्यावे.

पहिल्या भेटीसाठी त्यांनी दीड हजार रुपये घेतले आणि संपूर्ण व्यवहारातील सर्वांत सार्थकी लागलेले पैसे मी त्यांनाच म्हणेन. ज्येष्ठ वकीलसाहेब पंधरा मिनिटे बसले आणि नंतर त्यांनी आम्हाला त्यांच्या कनिष्ठ सहकारी बाईंकडे सोपवले. त्या तिशीच्या आतल्या असाव्यात. मला ‘काकू’ म्हणू लागल्या. त्यांनी बंधूंचा सल्ला शांतपणे ऐकून घेतला आणि सांगितले की वीज, पाणी यांसारखी अत्यावश्यक सोय तोडणे हा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ प्रमाणे घरमालकाचाच गुन्हा ठरतो, आणि कुलूप तोडून सामान बाहेर काढले तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट) कलम ६ खाली तो माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, मग घर कुणाच्या का मालकीचे असेना. ‘काकू, आज तुमची बाजू स्वच्छ आहे, लाइट तोडलीत की तक्रारदार तो होईल,’ एवढेच त्या म्हणाल्या. बंधू गप्प झाले, हे आमच्या घरात क्वचित घडते.

मग त्यांनी करार मागितला आणि टेबलावरची प्लास्टिकची पट्टी उचलून प्रत्येक ओळीखाली धरत वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या पानावर पट्टी थांबली. ‘सोसायटीत तुमची विंग कुठली?’ मी ‘सी’ म्हटले. त्यांनी दस्त माझ्याकडे वळवला. आठ महिने तो कागद आमच्या कपाटात होता. चूकदुरुस्तीचा दस्त करता येतो, पण त्यालाही दोन्ही पक्षांच्या सह्या आणि अंगठे लागतात, आणि भाडे बुडवणारा माणूस त्यासाठी येऊन अंगठा देईल ही आशा करण्यात अर्थ नव्हता. गोम अशी की भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली लेखी परवाना करार, म्हणजेच लिव्ह अँड लायसन्स करार, हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. घरमालकाचे सर्वांत मोठे बळ हीच तरतूद, आणि आमच्या बाबतीत त्याच निर्णायक पुराव्यात चुकीची विंग बसलेली.

सेवा कशी मिळाली हे समजण्यासाठी थोडा कायदा सांगायलाच हवा. भाडे थकले म्हणून घर खाली होते, अशी आपली सर्वांची समजूत असते. आम्ही ज्या मार्गाने गेलो तिथे भाडे थकणे हा मुद्दाच नसतो. मुदत संपली आणि तरीही ताबा दिला नाही, हा मुद्दा असतो. राहण्यासाठी परवान्यावर दिलेल्या जागेची मुदत संपली की घरमालक दिवाणी न्यायालयात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करू शकतो. समन्स बजावल्यापासून तीस दिवसांत समोरच्याने प्रतिज्ञापत्र देऊन बाजू लढवण्याची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही किंवा नाकारली गेली, तर अर्जातील म्हणणे मान्य धरून ताब्याचा आदेश होतो. आदेशावर अपील नाही, फक्त पुनरीक्षणाचा, म्हणजे आदेश पुन्हा तपासून पाहावा असा, अर्ज करता येतो. दिवाणी दाव्यांच्या तुलनेत ही वाट पुष्कळ जवळची आहे. मात्र त्यासाठी करार लेखी आणि मुदत संपलेली असावी लागते, आणि नोंदणी नसेल तर त्याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे जबाबदारी घरमालकावरच येते: कराराच्या अटींबद्दल समोरच्याचे म्हणणे आधी खरे धरले जाते आणि घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडही होऊ शकतो. ‘अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही’ हे जे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो, ते महाराष्ट्रात लागू नाही. केंद्राच्या नोंदणी कायद्यात एका वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला मिळणाऱ्या मोकळिकीतून ही अकरा महिन्यांची प्रथा पडली असावी, पण इथे दस्त कितीही मुदतीचा असला तरी नोंदवावाच लागतो.

म्हणून बाईंनी ऑक्टोबरमध्ये काही दाखल करण्याऐवजी ३१ डिसेंबरपर्यंत थांबायला सांगितले. करार मध्येच रद्द करून लढण्याचा मार्ग त्यांनी समजावून सांगितला, पण मुदत संपायला अडीच महिने उरले असताना नवा वाद ओढवून घेण्यात शहाणपण नाही, असे त्यांचे मत पडले. थांबणे फार जड गेले. दुसऱ्या एखाद्या कार्यालयाने लगेच दावा लावून शुल्क घेतले असते, अशी शंका मला आहे, आणि म्हणून या सल्ल्याला मी पूर्ण गुण देते. मधल्या काळात एकच काम झाले: थकलेल्या भाड्याची आणि मुदत वाढवणार नसल्याची नोटीस. ती नोंदणीकृत टपालाने गेली आणि दोनदा परत आली. पहिल्या लखोट्यावर पोस्टमनने निळ्या शाईत ‘दार बंद, सूचना दिली’ असा शेरा मारला होता, दुसऱ्यावर ‘घेण्यास नकार’. बाईंनी दोन्ही लखोटे न फोडता प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवायला लावले. आमच्या फायलीतील सर्वांत मोलाचे कागद त्या वेळी तेच होते आणि त्यांच्या आत काय आहे हे कुणी वाचलेच नव्हते, ही गंमत मला नंतर जाणवली.

शुल्काबद्दल सांगायचे तर कार्यालयाने एकूण ६०,००० रुपये तीन टप्प्यांत ठरवले: वकीलपत्रावर सही करताना, अर्ज दाखल होताना आणि ताबा मिळाल्यावर. हे कागदावर लिहून दिले, ही चांगली गोष्ट. वाईट गोष्ट अशी की त्याच कागदावर तळाशी ‘किरकोळ खर्च वेगळा’ अशी एक ओळ होती आणि त्या ओळीने पुढे आमच्याकडून चौदा-पंधरा हजार काढले. झेरॉक्स, टंकलेखन, टपाल, रिक्षा हे सर्व मान्य. पण पावती एकाही रकमेची नाही. मागितली की कारकून ‘साहेबांना विचारून देतो’ म्हणे. न्याय मागायला आलेल्या माणसाला पावतीचा कागद महत्त्वाचा असतो हे वकिलाच्या कारकुनाला सांगावे लागावे, याला काय म्हणावे?

जानेवारी २०२४ मध्ये कोकण विभागाच्या सक्षम प्राधिकाऱ्यांकडे मुंबईत अर्ज दाखल झाला. समन्स बजावले गेले आणि अठ्ठाविसाव्या दिवशी समोरच्या वकिलांनी परवानगीचा अर्ज दिला. त्यात अपेक्षित तेच होते. करार ‘बी’ विंगमधील घराचा आहे. आपण राहतो ‘सी’ विंगमध्ये, तेही तोंडी बोलणीतून, परवानाधारक म्हणून नव्हे तर भाडेकरू म्हणून. सबब या प्राधिकरणाला अधिकारच नाही. हे ऐकताना एका टंकलेल्या अक्षरातून माणूस केवढा इमला उभा करू शकतो याचे मला कौतुक वाटले, रागही आला.

इथे कनिष्ठ बाईंनी जे केले ते या कार्यालयाच्या सेवेतील सर्वोत्तम काम. शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची पावती, वीजबिल हे आमचे कागद त्यांनी जोडलेच, पण ते सगळे आमच्या बाजूचे होते. त्यांना समोरच्याच्या हातचे काहीतरी हवे होते. एका शनिवारी त्या स्वतः कासारवडवलीला आल्या, सोसायटीच्या कार्यालयात बसल्या आणि सचिवांच्या परवानगीने आमच्या सदनिकेची फाइल चाळू लागल्या. बिनवापर शुल्काच्या (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो तेव्हा सोसायटी घेते त्या रकमेच्या) नोंदी, पाण्याच्या गळतीची जुनी तक्रार, आणि त्याखाली एका वहीच्या फाडलेल्या पानावर गाडीच्या स्टिकरसाठी केलेला अर्ज: ‘मी सी विंगमधील सदर सदनिकेत लिव्ह लायसन्सवर राहण्यास आलो असून करारनाम्याची प्रत सोबत जोडली आहे.’ खाली सही, तारीख फेब्रुवारी २०२३. सोबत खरोखरच आमच्या कराराची प्रत टाचलेली होती. एका दुचाकीच्या स्टिकरसाठी लिहिलेल्या त्या दोन ओळींनी विंगचा वाद आणि तोंडी भाडेकरूपणाचा वाद दोन्ही एकदम मिटवले. सचिवांकडून साक्षांकित प्रत घेतली, प्रतिज्ञापत्र झाले आणि युक्तिवादाच्या दिवशी त्या जेमतेम दहा मिनिटे बोलल्या. ताब्याला आडकाठी करील असे काही समोरच्याने दाखवलेले नाही, म्हणून परवानगी नाकारली गेली.

आता तक्रारी. ज्येष्ठ वकीलसाहेबांनी पहिल्या दिवशी ‘चार ते सहा महिने’ असे छातीठोकपणे सांगितले होते. अर्जापासून ताब्यापर्यंत जवळजवळ अकरा महिने लागले. यातला काही उशीर कुणाच्याच हातातला नव्हता. त्या वर्षी मे महिन्यात लोकसभेची आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक होती, मे आणि नोव्हेंबर या दोन्ही महिन्यांत ठाण्यात मतदान वीस तारखेला झाले, आणि अशा दिवसांत कर्मचारी आणि पोलीस बंदोबस्त दोन्ही तिकडे जातात. पण हे वर्ष निवडणुकांचे आहे हे जानेवारीतही ठाऊक होते. वेळेचा अंदाज देताना ते सांगायला काय हरकत होती? दुसरी तक्रार तारखांची. तारीख पुढे गेल्याचा निरोप आदल्या रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर यायचा, आणि एकदा तर आलाच नाही. मी आणि यजमान सकाळची गर्दीची लोकल पकडून मुंबईला गेलो आणि पाटीवर दुसरी तारीख वाचून परत आलो. यजमानांचा गुडघा त्या दिवसापासून जो धरला तो धरलाच. तिसरे म्हणजे, ज्येष्ठ वकीलसाहेब पहिल्या भेटीनंतर थेट अंतिम शुल्काच्या वेळी दिसले. काम त्यांच्या सहकारी बाईंनी केले आणि उत्तम केले. मग पाटीवर आणि पत्रावर त्यांचे नाव का नसावे, हा प्रश्न माझा.

आदेश ऑक्टोबरमध्ये झाला. त्यानंतरही घर सोडले नाही म्हणून प्रत्यक्ष ताब्याची कारवाई डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. त्या सकाळी अधिकारी, एक महिला पोलीस आणि दोन शिपाई, किल्लीवाला, पंच म्हणून सोसायटीचे दोघे आणि आमच्या बाई असे सारे जण जमले. किल्लीवाल्याची गरज पडली नाही, दार गृहस्थांनीच उघडले. स्वयंपाकघरात कुकर चढवलेला होता. अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितले आणि शिट्ट्या होईपर्यंत थांबले. सामानाची यादी होत असताना मुलीचे दप्तर आणि शाळेचे बूट बाईंनी वेगळे काढून तिच्या आईच्या हातात दिले. मला ते सुचले नसते, कारण दीड वर्षाच्या रागात माझे त्या मुलीकडे लक्षच नव्हते. आवाज चढला नाही, धक्काबुक्की झाली नाही. पंचनाम्यावर सह्या झाल्या आणि दोन वाजता किल्ली मिळाली. बाथरूमचा नळ तुटलेला, ओट्याचा काळा दगड मधोमध फुटलेला आणि वीजबिल थकलेले, पण घर आमचे होते.

पैशांचा हिशेब वेगळा आहे आणि तो सेवा घेण्याआधी नीट समजून घ्यावा. मुदतीतले थकलेले भाडे १,५४,००० रुपये होते; अनामत वळती केल्यावर ५४,००० उरले. मुदत संपल्यानंतर ताबा न देणाऱ्याने भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यायची असते, म्हणजे आमच्या बाबतीत दरमहा ५६,००० रुपये, आणि आदेशात ती मंजूर झाली आहे. जानेवारी ते नोव्हेंबर या अकरा महिन्यांचेच ६,१६,००० होतात. कागदावर हा आकडा फार सुंदर दिसतो. मात्र मुदतीतल्या जुन्या थकबाकीसाठी वेगळा दिवाणी दावा लावावा लागेल आणि त्याला तीन वर्षांची मुदत आहे, हे कार्यालयाने आम्हाला पहिल्या नव्हे तर शेवटच्या भेटीत सांगितले, आणि त्या दाव्याचे शुल्क अर्थातच वेगळे. प्रत्यक्षात आजवर हाती एक रुपयाही आलेला नाही. कर्जाचे हप्ते मात्र त्या अकरा महिन्यांत एकदाही थांबले नाहीत.

ज्यांचा करार नोंदलेला आहे आणि मुदत संपली आहे किंवा लवकरच संपणार आहे, त्यांनी या कार्यालयात जरूर जावे, पण काम कनिष्ठ बाईंकडेच असावे असे आधी ठरवून घ्यावे, किरकोळ खर्चाची कमाल मर्यादा लिहून घ्यावी आणि त्यांनी सांगितलेल्या महिन्यांना दोनाने गुणावे. ज्यांनी ओळखीवर, शंभराच्या स्टॅम्पपेपरवर किंवा नुसत्या तोंडी बोलण्यावर घर दिले आहे, त्यांनी माझ्या अनुभवावरून अंदाज बांधू नये. कामाला मी पाचपैकी साडेचार गुण देते, संपर्काला दोन आणि हिशेबाला एक.

जानेवारीत नवीन भाडेकरू आले. एजंट दुसरा होता. मी त्याच्या लॅपटॉपसमोर बसून पट्टी धरून दोन्ही पाने वाचली, विंगचे अक्षर मोठ्याने वाचून दाखवायला लावले आणि तो जरासा वैतागून म्हणाला, ‘काकू, एवढं कोणी बघत नाही.’ वकिली कार्यालयाकडून गेल्या आठवड्यात ३,२०० रुपयांच्या किरकोळ खर्चाची आणखी एक मागणी आली आहे. पावती पाठवा, लगेच पैसे पाठवते, असे मी कळवले असून उत्तराची वाट पाहत आहे.